कोच मॅडमनी मोडलेला सोमवार

पोतनीस मॅडमसमोर "प्रयत्न करते" असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की त्या समोरच्या टेबलावर पेन ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हे पेन उचलायचा प्रयत्न कर." आपण पेन उचललं की, "उचललंस. मी उचल म्हटलं नव्हतं, प्रयत्न कर म्हटलं होतं." नाही उचललं की, "नाही उचललंस. मग प्रयत्न कुठे आहे? दाखव." हे त्यांनी मला करायला लावलं, माझ्या आईला लावलं, दूधवाल्याला लावलं आणि एकदा गॅसवाल्यालाही लावलं. तो बिचारा भरलेलं सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा होता.

शुभदा पोतनीस हे त्यांचं नाव. त्यांचे पूर्वज कधीकाळी दरबाराचं दप्तर सांभाळायचे, असं त्या दहा मिनिटांच्या ओळखीत सांगायच्या. त्या स्वतः विमा कंपनीत होत्या. वेळेआधी निवृत्ती घेतली आणि इंदौरला एका हॉटेलात पाच दिवसांचा एन.एल.पी.चा कोर्स केला. न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग. हे नाव त्या एका दमात म्हणायच्या. म्हणजे काय, असं विचारलं की बोटं दुमडून सांगायच्या, "मेंदू, भाषा, सवय. भाषा बदल, मेंदू ऐकतो. मेंदूनं ऐकलं की सवय सुटते." परत आल्यावर त्यांनी उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या आपल्या फ्लॅटच्या दारावर 'लाइफ कोच' अशी पाटी लावली. त्या दिवसापासून त्यांना 'काकू' म्हटलेलं चालेनासं झालं. "काकू हळदीकुंकवाला. इथे कोच." शेवटी आम्ही सगळे 'मॅडम' म्हणायला लागलो.

त्यांच्यासोबत बसणं हा एक छळ होता. आपण पायावर पाय टाकला की त्याही टाकायच्या. आपण नाक खाजवलं की थोड्या वेळानं त्यांचाही हात नाकाकडे जायचा. याला त्या 'रॅपो' म्हणायच्या. समोरच्यासारखं बसलं, बोललं, की त्याचं मन उघडतं म्हणे. एकदा देवास गेटच्या बसस्टँडवर मी आणि त्या ऑटोत बसलो. ड्रायव्हर एक पाय दुमडून, गालात गुटखा धरून, मान तिरकी करून बसला होता. मॅडमनी मागच्या सीटवर पाय दुमडला, मान तिरकी केली, गाल फुगवला आणि विचारलं, "भैया, फ्रीगंज चलोगे?"

त्यानं आरशात पाहिलं. "मैडम, नकल उतार री हो क्या मेरी?"

"नहीं भैया, रॅपो बना रही हूँ।"

"वो नीचे उतर के बनाओ।"

आम्हाला उतरावं लागलं. भर उन्हात चालताना माझं फुगलेलं तोंड त्यांना दिसत असणार. त्या म्हणाल्या, "रागावू नकोस. हा फीडबॅक आहे."

हा त्यांचा दुसरा नियम. चूक नावाची गोष्ट जगात नसते, फीडबॅक असतो. 'चूक' हा शब्द त्यांच्या घरात बंद होता. भाजी करपली तर फीडबॅक, बस सुटली तर फीडबॅक. त्यांचे यजमान, पोतनीस काका, पेपरमागून म्हणायचे, "म्हणूनच मला सकाळपासून इतका मिळून राहिला आहे."

मी हे सगळं चिडून लिहिते आहे असं वाटेल. मी चिडलेलीच होते. पण तेव्हा एक शब्द बोलले नाही, आणि याचं कारणही सांगायला हवं. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. बाबा बँकेत शिपाई, खानदेशातून नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. आई भैरवगढच्या छापील चादरींना घरी बसून कडा शिवून देते. दारावर इंग्रजी पाटी लावणाऱ्या, कंपनीत खुर्चीवर बसलेल्या बाईपुढे आपण काय बोलायचं, असंच मला वाटायचं. मला चुकीचं वाटलं तरी, आपल्यालाच नीट समजलं नसेल, असं मी धरून चालायचे. याची किंमत माझ्या धाकट्या बहिणीनं, रेणूनं, भरली.

रेणू तेव्हा बारावीत होती. तिचं जेवण कधी कमी झालं हे आम्हाला समजलं नाही, आणि त्याला आमचं गाव थोडं कारण आहे. उज्जैनमध्ये उपास करणाऱ्या मुलीला कोणी 'का' असं विचारत नाही. उलट कौतुक करतात. त्यात आमच्यासारख्या घरांत आणखी एक सोय आहे. हिंदी शेजाऱ्यांचा सावन आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. बहुतेक मराठी घरं आपलाच श्रावण पाळतात. रेणूनं दोन्ही धरले. त्यांचे सोमवार आणि आपलेही सोमवार. शेजारच्या शर्मा भाभी आईला म्हणाल्या, "आपकी बिटिया तो दोनों तरफ का पुण्य कमा री है।" आई हे सगळ्यांना सांगत फिरली. त्यानंतर चतुर्थी आली, एकादशी आली, गुरुवार आले. आधी साबुदाण्याची खिचडी चालायची, मग नुसती फळं, मग नुसता चहा. उपास नसेल त्या दिवशी ती म्हणायची, "कोचिंगमध्ये कचोरी खाल्ली." ती खाल्लेली नसायची.

तिचे केस गळायला लागले. मे महिन्यात ती अंगावर चादर घेऊन बसायची. पाळी थांबली, हे तिनं मला सांगितलं आणि आईला सांगू नको म्हणाली. मी कॉलेजच्या लायब्ररीत बसून फोनवर वाचलं आणि मला समजलं की हा आजार आहे, याला नाव आहे, यात जीवही जातो. घरी येऊन मी आईला म्हटलं, "हिला मनाच्या डॉक्टरकडे न्यायला पाहिजे."

"वेड्यांच्या?" आई म्हणाली. तिच्या हातातली चादर तशीच राहिली. "उपास करते म्हणून? उद्या स्थळं पाहायची वेळ आली तर काय सांगायचं लोकांना?"

त्याच आठवड्यात महाराष्ट्र मंडळात पोतनीस मॅडमचं 'विचार बदला, आयुष्य बदला' असं भाषण झालं. आईला ते फार आवडलं. डॉक्टर नको, गोळ्या नकोत, नुसतं बोलायचं. भाषण संपल्यावर आई त्यांना कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "ताई, आमची मुलगी नीट जेवत नाही. जरा समजावा ना तिला."

मॅडम लगेच तयार झाल्या. त्यांना कोर्सच्या पुढच्या सर्टिफिकेटसाठी सरावाचे तास भरून द्यायचे होते. प्रत्येक भेटीनंतर त्या एक फॉर्म भरायच्या आणि रेणूकडून सही घ्यायच्या. त्यात एक रकाना होता, 'क्लायंटचे ध्येय'. पहिल्याच दिवशी रेणूनं त्यात लिहिलं, 'मन खंबीर करणे'. मॅडमना आनंद झाला. "बघ, किती सकारात्मक लिहिलंय! 'जेवायचं नाही' असं लिहिलं नाही तिनं."

मी रेणूबरोबर जायचे आणि बाहेरच्या खोलीत काकांसोबत बसायचे. दार अर्धं उघडं असायचं, त्यामुळे ऐकू यायचं. एकदा मॅडम म्हणाल्या, "डोळे मिट. आयुष्यात तुला सगळ्यात खंबीर कधी वाटलं, तो क्षण आठव. मला सांगू नकोस. मला मजकूर नको. तुझा क्षण तुझाच. फक्त त्यात जा. काय दिसतं, काय ऐकू येतं, अंगात कुठे जाणवतं? आता ते वाढव. दुप्पट कर. आणि जाणवलं की डाव्या हाताच्या या सांध्यावर अंगठा दाब." थोड्या वेळानं पुन्हा, मग पुन्हा. "याला अँकर म्हणतात. आता जेव्हा मन डगमगेल तेव्हा इथे दाबायचं, ती सगळी ताकद परत येईल."

परत येताना रेणू खूश होती. किती तरी महिन्यांनी ती खूश दिसली, म्हणून मीही खूश झाले. ती त्याला 'बटण' म्हणायची.

त्यानंतरचे दोन महिने मी ते बटण पाहत होते. ताट समोर आलं की रेणूचा अंगठा डाव्या हाताच्या सांध्यावर जायचा. मला वाटायचं, जेवायची ताकद आणते आहे. मग ती म्हणायची, "झालं माझं," आणि उठायची. एक पोळी होती तिथे अर्धी झाली, अर्धीची चतकोर. मला दिसत होतं. पण मॅडम शिकलेल्या आहेत, त्यांना समजत असेल, वेळ लागत असेल, असं मी स्वतःला सांगत राहिले. त्यांना एकदा भीत भीत म्हटलंही, "मॅडम, मला कदाचित वाटतंय की..."

"'कदाचित' काढून बोल."

'कदाचित' काढल्यावर माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही.

पुन्हा सावन लागला. दुसऱ्या सोमवारी रेणू कोचिंगच्या जिन्यात पडली. डोक्याला खोक पडली नाही हे नशीब. ऑटोतून घरी आणताना तिचं मनगट माझ्या हातात होतं आणि तिचा अंगठा त्या सांध्यावर दाबलेला होता. मी विचारलं, "रेणू, हे दाबल्यावर तुला काय आठवतं?"

तिनं अंगठा काढला नाही. मग म्हणाली, "मागच्या वर्षीचा शेवटचा सोमवार. त्या दिवशी मी पाणी पण नव्हतं घेतलं. आई महाकालाची सवारी, म्हणजे पालखी, पाहायला उभ्या असलेल्या सगळ्या बायकांना माझ्याबद्दल सांगत होती." आणि मग, "त्याच्याइतकं खंबीर मला कधीच नाही वाटलं, ताई. हे दाबलं ना, की भूक जाते."

मॅडमनी दोन महिने बसून, फॉर्म भरून, तिला उपाशी राहायचं बटण बसवून दिलं होतं. त्यांनी मजकूर विचारला नव्हता. मजकूर विचारायचा नाही, हे त्यांना कोर्समध्ये शिकवलं होतं.

पुढच्या सोमवारी दुपारी आई आणि रेणू घरी होत्या आणि मी फ्रीगंजला मॅडमकडे गेले. जाताना सगळ्या रस्त्यात वाक्य जुळवत होते. त्या पूजेवरून नुकत्याच उठल्या होत्या. तीस वर्षं त्या श्रावणातला प्रत्येक सोमवार करत होत्या, आणि सासर गावातल्या जुन्या वस्तीतलं असल्यामुळे त्याही सावनपासूनच धरायच्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांच्या पोटात काही जाणार नव्हतं.

"मॅडम," मी म्हटलं, "मला बोलायचा प्रयत्न..." आणि थांबले. त्यांनी सवयीनं पेन शोधायला हात पुढे केला. त्या क्षणी मला इतका राग आला की मी रडायलाच लागले. "पेन नका ठेवू! प्लीज पेन नका ठेवू. तुम्ही तिला विचारलंच नाही की ती काय आठवून राहिली आहे. ती उपासाचा दिवस आठवते. तुमचं बटण ती भूक मारायला वापरते. ती जिन्यात पडली. तिची पाळी पाच महिने झाले आलेली नाही."

पोतनीस काकांनी पेपर खाली ठेवला.

मला वाटलं होतं, त्या म्हणतील, हा फीडबॅक आहे. मी मनात उत्तरही तयार ठेवलं होतं. पण त्यांनी आपलाच डावा हात समोर धरला आणि त्या सांध्याकडे पाहत बसल्या. मग विचारलं, "पाच महिने?"

"हो."

"आणि तू मला आता सांगतेस?"

मी ओढणीनं डोळे पुसले.

"नाही," त्या म्हणाल्या. "तू सांगायला आली होतीस. मी तुला 'कदाचित' काढायला लावलं." त्या उठल्या, चपला घातल्या. "चल."

आमच्या घरी आई चादरीला कड शिवत होती. रेणू भिंतीला टेकून पुस्तक घेऊन बसली होती. मॅडमना पाहून आई गडबडून उठली. "या ना ताई, सोमवारच्या दिवशी कशा आलात? साबुदाणा भिजवलाय, बसा."

"वैशाली, बसते. आधी ऐक. माझी चूक झाली."

मी त्यांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला. त्यांनी तो पुन्हा म्हटला. "मोठी चूक झाली. हिला आजार आहे. मला तो समजत नाही, आणि समजतो असं दाखवून मी हिला दोन महिने भलतंच शिकवलं. उद्या हिला इंदौरला घेऊन जायचं आहे. मनाच्या डॉक्टरकडे. मी येते सोबत."

आईचा चेहरा उतरला. "अहो, पण काय आजार? उपास करते ती. देवाचं करते. तुम्ही पण तर करता!"

"मी करते," मॅडम म्हणाल्या. "तीस वर्षं. आणि तुला सांगते, महाकालाला स्वतःला रोज नैवेद्य लागतो. तो कुठे उपाशी बसतो?" आणि मग जे केलं त्याची मला अपेक्षा नव्हती. त्या तिथेच पाटावर बसल्या. "सकाळचं वरण-भात आहे ना? वाढ मला."

"ताई, आज सोमवार आहे!"

"मालूम आहे. वाढ."

"अहो, साबुदाणा देते ना. उपासाचं आहे."

"साबुदाणा नको. वरण-भात वाढ. वर तूप."

आई हलली नाही. मी वाढलं. मॅडमनी भातावर वरण कालवलं आणि रेणूकडे बघत म्हणाल्या, "हे तू खायचं म्हणून खात नाहीये मी. तुझ्या बटणात जो सोमवार आहे ना, तो पवित्र नाही, एवढं तुला दिसावं म्हणून." पहिला घास त्यांना गिळवेना. तीस वर्षांची सवय. डोळ्यांत पाणी आलं, पण खाल्ला. मग दुसरा. त्यांनी ताट संपवलं. शेजारून शर्मा भाभीच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता.

रेणूनं त्या दिवशी काही खाल्लं नाही. गोष्टीत असतं तसं झालं नाही. पण रात्री आईनं मला विचारलं, "इंदौरची बस सकाळी कितीला असते?"

इंदौरच्या डॉक्टर बाईंनी रक्त तपासलं, ईसीजी काढला, आईशी वेगळं बोलल्या, रेणूशी वेगळं. बरं व्हायला वेळ लागेल आणि आधी शरीर सावरायला हवं, असं सांगितलं. आहाराचा तक्ता दिला. उपास बंद, सगळे. मॅडमनी तिथेही आपलं सांगून टाकलं. एन.एल.पी., अँकर, मजकूर, सगळं. कुठेही स्वतःला वाचवलं नाही, हे मला मान्य करावं लागेल. शेवटी विचारलं, "मी हे आता पुसू शकते. उलटा अँकर असतो. करू का?"

डॉक्टर म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही आता काही करू नका. मदत करायची असेल तर जेवणाच्या वेळी तिच्यासोबत बसा. शिकवू नका. फक्त बसा."

मॅडमना आयुष्यात यापेक्षा कठीण काम कुणी दिलं नसेल.

त्या रोज संध्याकाळी आमच्याकडे जेवायला यायला लागल्या, आपला डबा घेऊन. त्यांनी तोंड बंद ठेवलं, पण सवय गेली नाही. रेणूनं घास उचलला की त्या उचलायच्या. रेणू थांबली की थांबायच्या. रेणूनं दोन घासांवर हात धुतले, की त्याही दोन घासांवर डबा बंद करायच्या आणि उपाशी घरी जायच्या. चौथ्या दिवशी रेणू ओरडली, "तुम्ही खा ना तुमचं!"

"तू थांबलीस, मी थांबले."

"मला तुमचं टेन्शन नको! मला माझंच झेपत नाही!"

डॉक्टरांनी पुढच्या भेटीत हे ऐकलं आणि मॅडमना चांगलंच सुनावलं. आजारी मुलीच्या डोक्यावर तुमच्या भुकेचा भार टाकता का? पोटभर जेवा आणि तिच्या ताटाकडे पाहू नका. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. नंतर बसमध्ये मला म्हणाल्या, "ही पण चूकच." आता हा शब्द त्या जरा जास्तच वापरायला लागल्या होत्या. काकांनी एकदा म्हटलं, "फीडबॅक बरा होता, निदान कधीकधी बंद व्हायचा."

एक गोष्ट मात्र त्यांच्यामुळे झाली, तीही लिहायला हवी. ताटावर बसलं की डोक्यात कुणीतरी बोलतं, असं रेणूनं एकदा सांगितलं. आता बास, बघ किती खाल्लंस, लाज नाही वाटत. मॅडमनी डॉक्टरांना फोन करून आधी विचारलं, मग या आवाजाबद्दल एकच प्रश्न विचारला. "तो आवाज कसा आहे? कुणासारखा?"

"बाईचा. हळू. एकदम समजूतदार."

"त्याला देवास गेटच्या कंडक्टरचा आवाज देऊन बघ. शब्द तेच ठेव. 'बास-बास-बास, चलो बास, लाज नाही लाज नाही लाज नाही, पीछे जगह है, आओ आओ!'"

त्यांनी तो इतका खरा काढला, दाराच्या चौकटीला धरून, एक पाय बाहेर टाकून, की आई शिवणयंत्रावर हसून वाकली. रेणूही हसली. ताटासमोर बसून हसली. ती लगेच बरी झाली असं नाही. त्यानंतरही तिनं किती तरी वेळा ताट सरकवलं, एकदा भात कपाटात लपवलेला मला सापडला, एकदा तिनं आईला नको ते बोलून घेतलं. पण मग कधीकधी जेवताना ती मध्येच मला सांगायची, "कंडक्टर आला," आणि पुढचा घास घ्यायची.

मॅडमनी ते सर्टिफिकेट पूर्ण केलं नाही. रेणूच्या सह्यांचे फॉर्म त्यांनी आईला परत आणून दिले. आई त्यांचं काय करणार, तिनं ते यंत्राखाली ठेवून दिले. दारावरची पाटी मात्र अजून आहे. "लोक येतात," त्या म्हणतात. "एकाला पाणीपुरीवरून बायकोशी भांडण सोडवायचं असतं, एकाला स्टेजवर बोलायचं असतं. तेवढं मला येतं. कुणी न जेवणारं आलं तर मी डॉक्टरांचा नंबर देते, बस."

आता त्या काही दिवसांसाठी मुलाकडे नागपूरला चालल्या आहेत, म्हणून हे सगळं आठवलं. गेल्या महिन्यात आम्ही तिघी इंदौरला निघालो होतो, डॉक्टरांच्या भेटीसाठी. देवास गेटवर सकाळी बसला वेळ होता. मॅडमनी टपरीवर तीन प्लेट पोहे सांगितले, जिलेबी सांगितली आणि आपली प्लेट घेऊन सरळ आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. समोर भिंत होती, भिंतीवर कुठल्याशा वधू-वर मेळाव्याची फाटकी जाहिरात होती. ती त्या वाचत होत्या. लोकांच्या डोळ्यांच्या बुबुळांवरून खोटं ओळखते म्हणणाऱ्या बाई, ज्यांनी माझ्या नाकाची नक्कल केली होती, त्या पूर्ण दहा मिनिटं ती जाहिरात वाचत उभ्या राहिल्या. त्यांच्या पाठीच्या शिरा ताणल्या आहेत असं मला ब्लाउजवरून दिसत होतं.

रेणू हळूहळू खात होती. अर्ध्यावर ती थांबली. तिचा अंगठा डाव्या हाताकडे गेला. तेवढ्यात बसच्या दारात लटकून कंडक्टर ओरडायला लागला, "इंदौर-इंदौर-इंदौर! चलो बैठो, पीछे जगह है, आओ आओ!"

रेणूनं अंगठा सोडला आणि चमचा उचलला. हसली नाही. पण मॅडमचे खांदे हलायला लागले, भिंतीकडे तोंड करून त्या हसत होत्या, आवाज न करता.

प्लेट पूर्ण संपली नाही. दोन-तीन घास राहिले, ते रेणूनं शेंगदाण्यांसकट ठेवून दिले. मॅडम वळल्या. त्यांनी प्लेटकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तोंड उघडलं. मला माहीत होतं काय येणार: एक ते दहामध्ये आता कसं वाटतं, अंगात कुठे जाणवतं, त्याला काय नाव देशील. त्यांचं तोंड तसंच थोडा वेळ उघडं राहिलं.

"पाणी हवं का ग?" त्यांनी विचारलं.

"हो, काकू," रेणू म्हणाली.

मॅडम बाटली आणायला निघाल्या. त्यांनी तिला सुधारलं नाही.